घरबसल्या गगनविहार : आपल्या सातपुड्याच्या वाटा

प्रवासाची हौस मराठी माणसाला उपजतच असते. साधने मात्र ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलत जातात. कोणी पायी पंढरी गाठली, कोणी आगगाडीने काशी केली, कोणी आयुष्यात एकदाच विमानात बसून त्याची कथा वर्षभर शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकविली. अलीकडे या साधनांत आणखी एकाची भर पडली आहे. घरातील संगणकासमोर बसून विमान चालविण्याचा हुबेहूब अनुभव देणारे ‘फ्लाइट सिम्युलेटर’ आज अनेक मराठी घरांत शिरले आहे. मुले त्याला खेळ म्हणतात, आईवडील त्याला वेळेचा अपव्यय म्हणतात, आणि आजी-आजोबा चष्मा सावरीत लांबूनच पाहतात. या तिघांनीही एकत्र बसून पाहावे असे त्यात काही आहे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

विमान उडविण्याची विद्या यंत्र शिकविते. उडून जावे कोठे, हे मात्र ते सांगत नाही. नवशिक्या उड्डाणकर्त्याचे पहिले काही दिवस धावपट्टीवरून उठण्यात आणि पुन्हा उतरण्यात आनंदाने जातात. पुढे तो जगातील गाजलेल्या स्थळांकडे वळतो. नेपाळातील लुक्ला येथील धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,८४५ मीटर उंचीवर असून तिची लांबी जेमतेम ५२७ मीटर आहे. तेथे विमान उतरविताना पडद्यासमोर बसलेल्याच्याही तळहातास घाम सुटतो. आल्प्सची शिखरे, न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, भूतानातील पारोची अरुंद दरी, हे सारे पाहून होते आणि एके दिवशी मन विटते. ‘आता नवीन काय पाहावे?’ हा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, आता घरी यावे. पांढुर्णा, सौंसर आणि त्यांच्या पाठीशी उभा असलेला सातपुडा हा प्रदेश वरून पाहण्याजोगा आहे. आणि जो तो नीट पाहील, त्यास जगातील कोणत्याही प्रदेशावरील वाट शोधण्याची युक्ती आपोआप कळेल.

या यंत्राची कुळकथा

जमिनीवर बसून विमानविद्या शिकण्याची कल्पना जुनी आहे. १९२९ साली एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाने भात्यांच्या बळावर डुलणारी, विमानाच्या बैठकीसारखी एक पेटी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिकांनी तिच्यातच धडे गिरविले. घरगुती संगणकावर हे तंत्र १९७९ साली ब्रूस आर्टविक याने आणले, आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्याचीच पुढची आवृत्ती बाजारात आणली. त्या आरंभीच्या उड्डाणांत जमीन म्हणजे चार रेघा आणि डोंगर म्हणजे एक त्रिकोण असे. २०२० साली निघालेल्या आवृत्तीत उपग्रहांनी घेतलेली छायाचित्रे आणि डोंगरदऱ्यांच्या मोजलेल्या उंचीचे आकडे यांची सांगड घालून अवघी पृथ्वीच पडद्यावर उभी करण्यात आली. २०२४ साली तिची सुधारलेली आवृत्ती आली. यांस बलवान संगणक आणि वेगवान इंटरनेट लागते. ज्यांच्या घरी साधा संगणक आहे त्यांना ‘फ्लाइटगिअर’ हे सिम्युलेटर फुकट उपलब्ध आहे. त्यात शोभा कमी, परंतु होकायंत्र आणि उंचीमापक तेच.

या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिकागो शहराच्या सरोवरकाठी ‘मेग्ज फील्ड’ नावाचा एक लहानसा विमानतळ होता. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमधील उड्डाणे वर्षानुवर्षे तेथूनच सुरू होत. मार्च २००३ च्या अखेरीस शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत त्याची धावपट्टी खणून टाकविली. विमानतळ गेला, पण जगभरातील हौशी लोक जुन्या आवृत्त्यांत अजूनही तेथून उडतात. जमिनीवरून पुसले गेलेले स्थळ अशा रीतीने लोकांच्या स्मरणात टिकून राहिले. आपल्याकडील काही पुसल्या गेलेल्या वाटांचा विचार करताना ही गोष्ट आपणांस पुन्हा आठवेल.

वाट कशी निवडावी?

चांगल्या वाटेची लक्षणे थोडकी आहेत. पहिले, तिला एक धागा असावा. नदी, लोहमार्ग, घाटरस्ता किंवा एखादा ऐतिहासिक प्रवास यांपैकी काहीतरी हाती धरून उडावे. नुसते ‘या गावाहून त्या गावास’ असे सरळ उडाले की खालचा मुलूख गालिच्यासारखा सरकत जातो आणि लक्षात काहीच राहत नाही. दुसरे, वाट लहान असावी. अर्ध्या-पाऊण तासात संपणारी. तिसरे, निघण्यापूर्वी नकाशा पाहून वाटेवरील पाच-सहा खुणा कागदावर लिहून घ्याव्या : तलाव, पूल, संगम, टेकडीवरील देऊळ. त्या खुणा एकामागून एक ओळखीत जाणे हाच या विहाराचा खरा रस. चौथे, वेळ सकाळची किंवा सायंकाळची निवडावी. उन्हाची तिरीप असली की दऱ्यांत सावल्या पडतात व डोंगरांस उठाव येतो. भर दुपारी सातपुडादेखील सपाट दिसतो. पाचवे, विमान लहान व सावकाश घ्यावे. सेस्ना १७२ हे चार आसनी विमान ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने जाते आणि त्याचे पंख वर असल्यामुळे खालचे दृश्य अडत नाही. प्रवासी जेट विमान घेतले तर पांढुर्णा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मागे पडेल!

पहिली वाट : रुळांच्या सोबतीने

नागपूरच्या सोनेगाव येथील विमानतळापासून आरंभ करू या. या विमानतळास आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. त्याची धावपट्टी ३,२०० मीटर लांब असून वायव्य-आग्नेय अशी आहे. धावपट्ट्यांस त्यांच्या दिशेवरून अंक देतात. येथील वायव्येकडे तोंड करणाऱ्या टोकाचा अंक ३२, म्हणजे होकायंत्रावर सुमारे ३२० अंश. आता गंमत पाहा. येथून पांढुर्णे सरळ रेषेत सुमारे ७८ किलोमीटर असून त्याची दिशा सुमारे ३१६ अंश येते. म्हणजे या टोकाकडे उठलेले विमान जवळजवळ पांढुर्ण्याकडेच तोंड करून उठते. चाक जमिनीवरून सुटल्यावर हात स्थिर ठेवला तर सेस्ना विमान तेवीस-चोवीस मिनिटांत आपणांस घरी आणून सोडील. सावनेर उजवीकडे राहील, काटोल डावीकडे.

परंतु ही सरळ रेषा पहिल्या खेपेस घेऊ नये. आगगाडीच्या वाटेने जावे. दिल्ली-मद्रास हा थोर लोहमार्ग नागपूरहून कळमेश्वरावरून काटोलला जातो, तेथून जवळजवळ सरळ उत्तरेस वळतो आणि नरखेडवरून पांढुर्ण्यास येतो. खाली काळ्या मातीची शेते, कपाशी आणि संत्र्यांच्या बागा. बागांची ओळख वरून सहज पटते. शेत हा एकरंगी तुकडा असतो. बाग म्हणजे हिरव्या ठिपक्यांची, ओळीने टाचलेली रांगोळी. काटोल, नरखेड, पश्चिमेस वरूड आणि उत्तरेस पांढुर्णा-सौंसर, असा हा संत्र्यांचा सलग पट्टा आहे. ‘नागपुरी’ म्हणून देशभर विकल्या जाणाऱ्या संत्र्यांचा बराच भाग या आसपासच्या गावांतून निघतो, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

नरखेड मागे पडले की थोड्याच वेळात महाराष्ट्राची हद्द संपते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. नागपूर, जे तोवर मध्यप्रदेशाची राजधानी होते, ते मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. पांढुर्णा आणि सौंसर हे मराठी बोलणारे तालुके त्याच जिल्ह्यात असल्यामुळे हद्दीच्या उत्तरेस राहिले. त्या एका रेघेने शाळेची भाषा बदलली, कचेरीची भाषा बदलली, सोयरिकी मात्र होत्या तेथेच राहिल्या. ती रेघ विमानातून शोधून पाहावी. सापडत नाही. बागांचे ठिपके तेच, मातीचा काळेपणा तोच, बांधांची तऱ्हा तीच. नकाशावर जाड शाईने काढलेली ही हद्द जमिनीवर कोठेही उमटलेली नाही, हे लहान मुलांस हजार शब्दांनी सांगण्यापेक्षा एकदा दाखविणे बरे.

५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला असून पांढुर्णा व सौंसर हे त्याचे तालुके आहेत. गावावर आले की एक घिरटी अवश्य घ्यावी. जाम नदी गावाच्या अंगणातून जाते. तिच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात पळसाचे झाड रोवून दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. ती गोटमार देशभर वृत्तपत्रांत येते. दरवर्षी माणसे जखमी होतात, काहींनी प्राणही गमावले आहेत. तीन हजार फुटांवरून जाम म्हणजे एक बारीकसा दोरा दिसतो आणि त्या दोऱ्याच्या दोन बाजूंची घरे एकाच वस्तीची वाटतात. याहून अधिक भाष्य येथे करण्याचे कारण नाही.

पुढे मुलताईपर्यंतचा टप्पा उड्डाणविद्येच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. विमानातील उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवितो. पायाखालच्या जमिनीपासूनची नव्हे. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१५ मीटरवर, पांढुर्णे सुमारे पावणेपाचशे मीटरवर, तर मुलताई सुमारे ७५० मीटरवर आहे. तेव्हा नागपूरहून तीन हजार फूट, म्हणजे सुमारे ९१५ मीटर, उंची धरून निघालेला नवशिका तेथे जमिनीपासून सहाशे मीटर वर असतो, पांढुर्ण्यावर सुमारे साडेचारशे मीटर वर असतो आणि मुलताईस पोहोचेतो त्याच्या व जमिनीच्या मध्ये जेमतेम दीडशे मीटर उरतात! काटा जागचा हललेला नसतो; जमीनच वर आलेली असते. म्हणून तीगाव स्टेशन आले, रूळ घाटात वळणे घेऊ लागले की इंजिनाचा जोर वाढवून साडेचार हजार फुटांवर जावे. आगगाडीलाही याच घाटात धाप लागते.

मुलताई येथे ही वाट संपवावी. येथील तलाव तापीचे उगमस्थान म्हणून पूजिला जातो. तापी पश्चिमेस निघते व सुरतेजवळ अरबी समुद्रास मिळते. याच तालुक्यात वर्धा नदीचाही उगम आहे. ती दक्षिणेकडे उतरते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरास जाते. एका उंचवट्यावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन निरनिराळ्या समुद्रांस मिळतात. भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ हा शब्द पाठ करणाऱ्या मुलास तो येथे डोळ्यांनी दिसेल.

दुसरी वाट : सौंसरहून गडाकडे

दुसरी वाट जामच्या पाण्याची. पांढुर्ण्याहून नदी हाती धरून पूर्वेस निघावे. सौंसर येथून जेमतेम सत्तावीस किलोमीटर आहे, पण नदीच्या वळणांनी गेले तर पाहण्यासारखे पुष्कळ. सौंसरच्या आसपास जामसांवळीचा निजलेला मारुती आणि मोहगावचे अर्धनारीश्वराचे देऊळ ही दोन ठिकाणे जुन्या माणसांच्या नवसा-सायासांशी जडलेली आहेत. या तालुक्याच्या भूमीत मँगॅनीज आहे. नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाटापर्यंत पसरलेल्या मँगॅनीजधारी प्राचीन खडकांस भूशास्त्रज्ञांनी नाव दिले तेच मुळी ‘सौंसर समूह’. आपल्या लहानशा तालुक्याचे नाव जगाच्या भूशास्त्रात गेले आहे, ही गोष्ट येथील किती मुलांस ठाऊक असेल?

जाम पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. ज्या वर्ध्येला आपण मुलताईच्या माळावर सोडले ती विदर्भ ओलांडून वैनगंगेस भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. ज्यांस सवड आहे त्यांनी पांढुर्ण्यापासून सिरोंच्यापर्यंत पाण्याच्या मागोमाग जावे. सरळ रेषेत हे अंतर सुमारे ३४० किलोमीटर आहे, नदीच्या वाटेने कितीतरी अधिक. दोन-तीन रविवार पुरेल असा हा प्रवास आहे.

सौंसरहून उत्तरेस वळले की रामाकोना, कन्हानचे पात्र आणि मग सिल्लेवानीचा घाट. नागपूर-छिंदवाडा ही नॅरोगेजची आगगाडी याच मुलुखातून धावत असे. सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, भीमालगोंदी, उमरानाला ही तिची स्टेशने ज्यांच्या जिभेवर आहेत अशी माणसे आज पन्नाशीच्या पुढची आहेत. २०१५ साली ती गाडी बंद झाली आणि पुढे तेथे रुंद रूळ आले. सोय झाली यात शंका नाही. परंतु चढावर इतकी मंद होणारी की तरुण पोरे उतरून बरोबरीने चालत असे जिच्याविषयी घरोघर सांगतात, ती गाडी आता केवळ बोलण्यात उरली आहे. शिकागोच्या त्या धावपट्टीप्रमाणे तिचीही वाट आकाशातून पुन्हा चालता येते. कोणी वडीलधाऱ्याने शेजारी बसून एकेका स्टेशनाची गोष्ट सांगितली, म्हणजे झाले.

घाटाच्या पश्चिमेस, सौंसरपासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, देवगडचा किल्ला आहे. खोल दऱ्यांनी वेढलेल्या डोंगरावरचा हा गड गोंड राजांची राजधानी होता. येथील बख्त बुलंद याने इ. स. १७०२ च्या सुमारास खालच्या मैदानात बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसविले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रघुजी भोसल्यांनी तेथे मराठ्यांचे राज्य स्थापिले आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्या राज्याच्या आश्रयाने या भागात स्थिरावले. म्हणजे गड डोंगरावर आणि त्याने वसविलेले नगर मैदानात. गडावर एक घिरटी घालून विमानाचे तोंड दक्षिणेस वळविले की उतरत जाणारी भूमी समोर पसरते. पर्वतावरच्या राजाने मैदानात का उतरावे, हे तेथे उमगते.

तिसरी वाट : पाताळ आणि शिखर

छिंदवाडा हे सुमारे पावणेसातशे मीटर उंचीवरील पठारी शहर. त्याच्या वायव्येस तामिया, आणि तामियाच्या पलीकडे पातालकोट. घोड्याच्या नालाच्या आकाराची ही दरी कड्यापासून बाराशे ते पंधराशे फूट खोल असून सुमारे ७९ चौरस किलोमीटर पसरली आहे. तिच्या तळाशी भारिया आणि गोंड लोकांच्या वाड्या आहेत. दुधी नदी तेथून वाहते. पठारावरून सरळ उडत यावे. काही क्षणांपूर्वी पायाखाली शेते असतात आणि एकाएकी जमीनच नाहीशी होते. हा क्षण पाहण्यासाठीच ही वाट घ्यावयाची. दरीत उतरण्याचा मोह होईल. तो आवरण्याचे कारण नाही, परंतु बाहेर निघण्याची दिशा आधी ठरवून ठेवावी. अरुंद दरीत विमान वळविण्यास जागा लागते, आणि समोरचा कडा वाट पाहत थांबत नाही.

तेथून पश्चिमेस पचमढी. धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर सुमारे १,३५० मीटर, म्हणजे जवळजवळ साडेचार हजार फूट उंच आहे. तेव्हा सहा हजार फुटांवरून जाणे शहाणपणाचे. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी येथे पोहोचावे. पावसाळ्याच्या दिवसांत सिम्युलेटरला त्या वेळचे खरे हवामान जोडून दिले तर मात्र शिखरे ढगांत बुडालेली आढळतील, आणि त्या दिवशी परत फिरणे हेच उत्तम वैमानिकाचे लक्षण ठरेल.

मेघाची वाट आणि टपालाची वाट

आकाशातून कोणती वाट घ्यावी, हे सांगणारा सर्वांत मोठा वाटाड्या आपल्याच परिसराशी जोडलेला आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील यक्ष रामगिरीवर आहे. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी आदी विद्वानांनी प्रतिपादिले. यक्ष मेघाला अलकेची वाट सांगतो ती कशी? नुसती दिशा सांगून तो थांबत नाही. कोठे विसावा घ्यावा, कोणत्या नदीचे पाणी प्यावे, कोठे कोणती फुले असतील हे सारे सांगतो; रेवा, विदिशा, पुढे उज्जयिनी. उज्जयिनी तर मेघाच्या वाटेवर नाही, तरीही तिच्यासाठी वळण घेण्याचा तो आग्रह धरतो. पाहण्याजोगे असेल तर वळसा घ्यावा, हा प्रवासाचा नियम यक्षाने दीड हजार वर्षांपूर्वीच घालून दिला म्हणावयाचा! रामटेक ते विदिशा अशी नकाशावर पट्टीने रेघ ओढली तर ती छिंदवाड्याजवळून, पातालकोट व पचमढी यांच्या मधून जाते. अंतर सुमारे २८० किलोमीटर. आषाढात, हवामान अनुकूल असेल तेव्हा, ही वाट अवश्य करावी आणि उज्जैनचा वळसा चुकवू नये.

दुसरी वाट रात्रीची. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या ठिकाणी परतत. देशाच्या मध्यभागी असण्याचा मान नागपूरने असा रात्री जागून सांभाळला. त्या काळची डाकोटा विमाने मायक्रोसॉफ्टच्या २०२२ च्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत दिलेली आहेत. दिल्लीहून रात्री निघून नागपूर गाठावे. अशा अंधाऱ्या रात्री खाली सातपुडा दिसत नाही, केवळ गावांचे दिवे दिसतात. आणि आपण भावाच्या किंवा लेकीच्या पत्राची थैली घेऊन चाललो आहोत एवढे मनात धरले, की त्या अंधारालाही अर्थ येतो.

इतर ठिकाणच्या वाचकांसाठी

आमचे वाचक दूरदूर पसरलेले आहेत. त्यांनाही आपापल्या अंगणातील वाटा आहेत. इंदूरकरांनी अहिल्याबाईंच्या नावाच्या विमानतळावरून निघून मांडू, महेश्वर आणि ओंकारेश्वर असा नर्मदेचा फेरा करावा. बडोदेकरांना पावागड व चांपानेर हाकेच्या अंतरावर आहेत. ग्वाल्हेरकरांनी १८५८ साली राणी लक्ष्मीबाई ज्या वाटेने गेल्या ती झाशी, काल्पी, ग्वाल्हेर ही वाट धरावी. तंजावरच्या मराठी कुटुंबांना कावेरीचे फाटे समुद्रापर्यंत मोजता येतील. बेळगावकरांनी लोंढ्यावरून कॅसलरॉक, दूधसागर आणि गोवा असा सह्याद्री उतरावा. नियम सर्वत्र एकच : धागा एक, खुणा सहा, वेळ पाऊण तास.

नावे कोणी सांगावी?

आता या विषयातील जे आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. सिम्युलेटरमधील जमीन उपग्रहाच्या छायाचित्रांवरून घडविलेली असली तरी लहान गावांतील घरे यंत्राने अंदाजाने उभी केलेली असतात. देवळाच्या जागी बहुधा साधे छप्पर दिसते; बाजाराचा दिवस, जत्रेचे मैदान, गावाबाहेरची आमराई यांचा यंत्रास पत्ता नसतो. डोंगर आहे, त्याचे नाव नाही. ओढा आहे, त्याचे नाव नाही. शेतांना तर आपल्याकडे माणसांसारखी नावे असतात. ती कोणत्याही नकाशावर नाहीत. ही सारी नावे आजवर राहिली ती वडीलधाऱ्यांच्या तोंडी, आणि तीही मराठीत. मुलांचे शिक्षण हिंदीत अथवा इंग्रजीत होते. नोकरी पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी असते. लंडनच्या विमानतळावरील धावपट्ट्यांचे अंक मुखोद्गत असलेल्या मुलास आपल्या आजोळच्या ओढ्याचे नाव ठाऊक नसावे, यात त्याचा दोष नाही. त्याला ते कोणी सांगितलेच नाही. आणि सांगणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.

म्हणून आमची सूचना अशी की, उड्डाणाच्या खोलीत दोन खुर्च्या ठेवाव्या. एका खुर्चीवर नातू किंवा नात, दुसरीवर आजोबा किंवा आजी. विमान धाकट्याने चालवावे, वाट थोरल्याने सांगावी. ज्या आजींना आता गुडघ्यांमुळे पायरी उतरवत नाही त्यांना माहेरच्या गावावरून एक घिरटी घालून आणावे. ‘ही टेकडी कोणती?’, ‘इथून बाजाराला कसे जात होता?’ असे धाकट्यांनी विचारावे आणि जे उत्तर मिळेल ते वहीत लिहून ठेवावे. परदेशी असलेल्या मुलांसही हे करता येते; दोन ठिकाणांहून एकाच आकाशात शेजारी शेजारी उडण्याची सोय या यंत्रात आहे. सुटीच्या एका महिन्यात अशी वही भरली, तर पांढुर्णा-सौंसरच्या एखाद्या घराजवळ आपल्या मुलुखाचा असा नकाशा तयार होईल की जो कोणत्याही कंपनीजवळ नाही.

उंची यंत्र देते, वेग यंत्र देते. ओळख मात्र घरातूनच द्यावी लागते. येत्या सुटीत पहिले उड्डाण कोणत्या वाटेने करावयाचे, हे आज रात्री जेवताना घरातील सर्वांत वडील माणसास विचारून ठरवावे, एवढीच विनंती.